सिस्टरबाईंची उलटी साइडकार

सिस्टरबाई पहिल्यांदा माझ्या दारात आल्या त्या बैलगाडीत उभ्या राहून. बसायला जागाच नव्हती. गाडीत हिरवट रंगाची, एका चाकाची एक लोखंडी नाव आडवी पडलेली, आणि तिच्या काठाला धरून ह्या बाई अंबरनाथच्या खडबडीत रस्त्याने उभ्याच्या उभ्या आलेल्या. पांढरं नऊवारी, पायात कॅनव्हासचे बूट, कपाळ मोकळं. रविवार होता, मी अंगणात आरसा टांगून दाढी करत होतो. त्यांनी ना नाव सांगितलं ना गाव. म्हणाल्या, "तुमच्याकडे मोटारसायकल आहे असं कळलं. तिला ही जोडून द्या."

माणूस आधी मोटारसायकल घेतो, मग हौस असेल तर तिला साइडकार लावतो. ह्या बाईंनी साइडकार आधी घेतली आणि मग मोटारसायकल शोधत निघाल्या. तोंडावरचा साबण तसाच ठेवून मी विचारलं, की बाई, तुमची मोटारसायकल कुठाय? तर म्हणाल्या, "तुमची आहे ना." मला चांगलाच राग आला, खोटं कशाला सांगू. आमची ओळख झाली ती अशी.

मी तेव्हा अंबरनाथला एका कारखान्यात फिटर होतो. मूळचा चिपळूणकडचा, डोक्याने तापट. लढाई संपल्यावर लष्कराचा मोडीत काढलेला माल कल्याणच्या आसपास पडून होता, त्यातली एक इंग्रजी मोटारसायकल मी घेतली होती आणि दोन पावसाळे तिच्यामागे खपून ती चालती केली होती. बायको म्हणायची, तुम्ही माझी विचारपूस करत नाही तेवढी तिची पुसपास करता. ते खरंच होतं. त्या गाडीला कुणी बोट लावलेलं मला खपत नसे, आणि ही बाई तिला लोखंडी डबा जोडा म्हणत होती.

मी नाही म्हणालो. त्यांनी गाडीवानाला डबा उतरवायला सांगितला आणि स्वतः ओट्यावर बसल्या. बायकोने चहा दिला, तो घेतला. मग मला म्हणाल्या, "होणार नाही असं सांगू नका, मिस्त्री. कधी होईल ते सांगा." हे त्यांचं नेहमीचं वाक्य होतं हे मला पुढे कळलं. डॉक्टर असो, पाटील असो, स्टेशनमास्तर असो, सगळ्यांना त्या हेच सांगायच्या, तेही आवाज न चढवता. दुसरं वाक्य बाळंतिणीच्या घरच्यांसाठी राखून ठेवलेलं होतं. घरात रडारड सुरू झाली की त्या पदर खोचून म्हणायच्या, "रडायचं ते नंतर. आधी पाणी तापवा."

त्या बदलापूरच्या दवाखान्यात नर्स होत्या. नाव मनोरमा, पण त्या नावाने हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. वाईकडच्या, लग्नानंतर वर्षभरात नवरा गेला, माहेरी राहून भावजयांची धुणी धुण्यापेक्षा पुण्याला जाऊन नर्सिंग शिकल्या. बदलापूर-वांगणीच्या अंगाला डोंगराखाली ज्या वाड्या आहेत, तिथे त्या चालत जायच्या. भात लावणारी, जंगलात लाकूड तोडणारी, कोळशाच्या भट्टीवर राबणारी माणसं. अडलेली बाई असली की तिला झोळीत घालून वांगणी स्टेशनावर आणायची आणि गाडीची वाट बघत बसायचं, एवढाच उपाय. आदल्या वर्षी एका वाडीतली तरणीताठी बाई अशीच फलाटावर, ह्यांच्या मांडीवर डोकं ठेवून गेली. गाडी आली तेव्हा तिच्यात चढायचं कारण उरलं नव्हतं.

हे सगळं त्यांनी मला ओट्यावर बसून सांगितलं, तांदूळ निवडताना सांगावं तसं. आणि मग मुद्द्यावर आल्या. त्याच घरात त्या बाईची धाकटी जाऊ होती, चिमी. लहानपणी अंग धरलं नाही म्हणून पाय वाकलेले, कंबर अरुंद. तिला दिवस गेले होते. सिस्टरबाईंनी तिला तपासून ठरवून टाकलं होतं, की हिचं बाळंतपण घरी होणं शक्य नाही, पोटावर शस्त्रक्रियाच करावी लागेल, आणि ती सोय होती कॅम्पातल्या इस्पितळात. उल्हासनगर हे नाव तेव्हा नुकतंच पडलं होतं, आम्ही सगळे कॅम्पच म्हणायचो. तिथल्या डॉक्टरांनी कबूल केलं होतं, की कळा सुरू झाल्याबरोबर आणा, बघू.

मी म्हटलं, मग तिला आधीच आणून ठेवा की तुमच्या खोलीवर. त्यावर त्या जराशा हसल्या. चिमीच्या सासऱ्याला, काळूबाबाला, त्यांनी तेच सांगून पाहिलं होतं. म्हातारा म्हणाला, कळा आल्याबिगर सून घराबाहेर ठेवायची नाही, आणि पोटुशी बाई विधवेच्या घरात तर नाहीच नाही. "त्याचं काही चुकलं नाही," सिस्टरबाई म्हणाल्या. "त्याला जे शिकवलं ते तो बोलला." माझं डोकं भडकलं. ज्या बाईच्या हातांवर तुमची पोरं जन्मली तिच्या घराचा विटाळ होतो तुम्हाला! मी हातातला वस्तरा खाली ठेवला आणि म्हटलं, आणा तो डबा इकडे.

डबा नीट पाहिला आणि माझा चेहरा उतरला. साइडकारला मोटारसायकलशी जोडायचे लोखंडी कान असतात. ते डाव्या बाजूला होते आणि चाक उजव्या बाजूला. म्हणजे ही साइडकार मोटारसायकलच्या उजव्या अंगाला लागणार. मी विचारलं, ही घेतली कुठून? कॅम्पातल्या एका सिंधी शेठकडून. शेठकडे आली कुठून? अमेरिकन फौजेच्या मालातून. तिथेच घोळ होता. अमेरिकेत गाड्या रस्त्याच्या उजवीकडून चालतात, म्हणून त्यांची साइडकार उजवीकडे. आपल्याकडे तीच लावली तर बसलेलं माणूस थेट समोरून येणाऱ्या ट्रकच्या तोंडाशी. सिस्टरबाईंना हे कळायला वेळ लागला नाही. नुसत्या त्या डब्याच्या काठावर हात ठेवून उभ्या राहिल्या. एवढ्या वर्षांत त्यांना खचलेलं मी जे एक-दोनदा पाहिलं, त्यातली ती पहिली वेळ.

दुसऱ्या दिवशी आम्ही शेठकडे गेलो. बराकीच्या पुढे त्याने मोडक्या टायरांचा, पत्र्यांचा ढीग लावला होता. भला माणूस होता, स्वतः सगळं घरदार सोडून आलेला. त्याने सिस्टरबाईंना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि म्हणाला, "साईं, दूसरी होती तो मुफ्त में बदल देता. एक ही थी." डाव्या बाजूची साइडकार ना त्याच्याकडे होती, ना आसपास कुणाकडे. चिमीला सातवा सरला होता.

तेव्हा नाइलाजाने मी ती उजवीकडेच लावली. किक उजवीकडे, त्यामुळे पाय घालायला जागा उरेना. गाडी ढकलून चालू करायची आणि पळत जाऊन चढायचं. पहिल्याच फेरीत कॅम्पाच्या रस्त्यावर एका ट्रकने साइडकारच्या इतक्या जवळून वळण घेतलं, की मी घरी येऊन पुन्हा असल्या भानगडीत पडणार नाही असं बायकोजवळ बोलून गेलो. पण सिस्टरबाईंना वाडीवर जाऊन गाडी दाखवायची होती. आधी बघितल्याशिवाय ती माणसं ऐन वेळी सून ह्यात घालणार नाहीत, हे त्यांना ठाऊक होतं. तसे आम्ही गेलो.

थंडीचे दिवस, खाचरं सुकलेली, वाट बरी होती. सगळी वाडी जमली. चिमी दाराशी उभी, विशीचीसुद्धा नसेल, पोटावर हात धरून डब्याकडे टक लावून बघत होती. सिस्टरबाईंनी आत गोधडी पसरली आणि बाई कशी न्यायची ते दाखवायला स्वतःच आडव्या झाल्या. साइडकारच्या नाकाडात पाय, मागे डोकं. त्या आडव्या झाल्याबरोबर बायकांनी तोंडाला पदर लावले. काळूबाबा पुढे आला, त्याने डब्याभोवती एक फेरी मारली आणि हात जोडले. म्हणाला, "नाय, बाय. पाय पुढं करून आमच्यातला मानूस घरातून एकदाच निंगतो. जिती सून मी अशी नाय धाडायचा."

मी भांडायला तोंड उघडलं, तर सिस्टरबाईंनी हाताने गप्प केलं. त्या उठून बसल्या, गोधडीची घडी घातली. काळूबाबाला म्हणाल्या, बरं, बघते.  परतीच्या वाटेवर मी तोंडाला येईल ते बोलत होतो, म्हाताऱ्याच्या सात पिढ्या काढल्या. बदलापूर जवळ आल्यावर त्या म्हणाल्या, "मिस्त्री, डोकं पुढं करता येईल का?"

मी तडकलो. म्हटलं, ही काय खाट आहे फिरवून घालायला? चाक एका बाजूला, कान एका बाजूला, पुढचं ते पुढंच राहणार. आणि बोलता बोलता माझी जीभ थांबली. मी गाडी उभी केली, खाली उतरलो, रस्त्यातली काडी उचलून मातीत चौकोन काढला. फिरवली तर? आख्खीच्या आख्खी साइडकार गरकन फिरवली, नाक मागे नि पाठ पुढे, तर कान उजवीकडे येतात आणि चाक डावीकडे! म्हणजे लागते डाव्या अंगाला, जिथे लागायला हवी तिथेच, आणि आतल्या माणसाचं डोकं पुढे. अमेरिकन माल आणि काळूबाबा, दोघांची तोंडं एकदमच बंद होत होती. मी त्या माऊलीकडे बघितलं. त्यांना आकृती कळली नव्हती, पण माझं तोंड बघून कळायचं ते कळलं.

बोलायला सोपं, करायला मात्र जीव गेला. उलटी केल्यावर जुना एकही कान जागेवर बसेना. कारखान्यातून सुटलो की लोहाराकडे, लोहाराकडून घरी. पट्ट्या तापवून वाकवल्या, चाक पुढे सरकवलं, तरी गाडी सारखी डावीकडे ओढायची. रेतीची पोती घालून घालून बघितली. कारखान्याच्या फाटकावर लोक मला हसायचे. एकाने विचारलं, काय मिस्त्री, पुढं बघायची लाज वाटते का पाहुण्याला? मी कुणाला उत्तर दिलं नाही, आणि माझ्या स्वभावाला ते किती जड गेलं ते माझं मला माहीत. सिस्टरबाई रोज संध्याकाळी यायच्या, पोत्याच्या जागी बसून एक चक्कर मारायच्या आणि सांगायच्या, कुठे धक्का बसतो, कुठे पाठ लागते. मग पुन्हा खोल, पुन्हा बसव.

गाडी वाडीवर नेली तेव्हा काळूबाबाने पुन्हा फेरी मारली. ह्या वेळी त्याने चाकाला हळद-कुंकू लावलं. चिमी आत बसून हसली, एवढंच मी पाहिलं. येताना सिस्टरबाई काळूबाबाला बजावून आल्या, की पहिली कळ आली की माणूस धाडायचा, लगेच, दुसरी कळ यायची वाट बघायची नाही. तो हो म्हणाला.

निरोप आला तो भर दुपारी. मी यंत्र तसंच सोडून निघालो, मुकादम मागून ओरडत राहिला. बदलापुराहून सिस्टरबाईंना घेतलं, वाडी गाठली. चिमी अंगणात नव्हती, आत होती, आणि तिचा आवाज बसला होता. सिस्टरबाई आत गेल्या आणि बाहेर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. कळा आदल्या रात्रीच सुरू झाल्या होत्या. घरातल्या बायांनी म्हटलं होतं, सुटली इथेच तर बरं, कशाला तो खटाटोप. काळूबाबा खाली मान घालून उभा होता. 

चिमीला डोकं पुढे करून निजवली. सिस्टरबाई माझ्यामागे सीटवर आडव्या बसल्या, डावीकडे तोंड करून, म्हणजे चिमीचं डोकं त्यांच्या गुडघ्याशी. उलट्या गाडीत माणसाला पुढचा रस्ता दिसत नाही, मागे राहिलेलंच दिसतं. मला इंजिनाच्या आवाजातून तुटक तुटक ऐकू येत होतं. चिमी म्हणत होती, "माजा घर दिसते अजून." सिस्टरबाई म्हणाल्या, "बघ, बघत राहा. डोळे मिटू नकोस." मग ती म्हणाली, आता घर नाही दिसत, डोंगर दिसतो. मग तेही बोलणं बंद झालं. अंबरनाथच्या पुढे सिस्टरबाईंनी माझ्या पाठीवर मूठ मारली, म्हणजे आणखी वेगात. मी देवाचं नाव घेणारा माणूस नाही. त्या दिवशी घेतलं.

चिमी वाचली. मूल पोटातच गेलं होतं, आणि पिशवी फाटली म्हणून तीही काढावी लागली. डॉक्टर म्हणाले, अर्धा तास उशीर झाला असता तर हीसुद्धा गेली असती. इस्पितळाच्या पायरीवर मी गुडघ्यात डोकं घालून रडलो. सिस्टरबाई शेजारी उभ्या होत्या. त्या दिवशी त्यांनी मला पाणी तापवायला सांगितलं नाही.

तिसऱ्या दिवशी काळूबाबा आला. दारातूनच त्याने डॉक्टरांना एकच विचारलं, पुन्हा पोर होईल का. उत्तर ऐकलं, सिस्टरबाईंच्या पाया पडला आणि निघून गेला. तो वाईट माणूस नव्हता, असं सिस्टरबाई म्हणायच्या. मी अजूनही तसं म्हणत नाही. होळीच्या आत चिमीच्या नवऱ्याने दुसरी आणली. माहेरी भाऊ होता, त्याने चार दिवस ठेवून परत पाठवली. शेवटी पोरगी आली ती ज्या घरात पोटुशीने पाऊल टाकायचं नव्हतं, त्याच घरात.

ती बोलायची नाही. दिवसचे दिवस भिंतीला टेकून बसायची. एकदा सिस्टरबाई तिला भात वाढत होत्या, तर ताट सारून म्हणाली, "कशाला आनलास मला?" एवढंच. हे त्यांनी मला आमच्या अंगणात सांगितलं, मी गाडीचा प्लग साफ करत असताना. मग विचारलं, "मिस्त्री, खरं सांगा. मी हिला वाचवलं का?" मी प्लग घासत राहिलो. स्वच्छ झालेला प्लग पुन्हा घासला.  त्या उठून गेल्या. त्या काळात मला वाटायचं, आता ह्या काम सोडणार, वाईला परत जाणार. पण दुसऱ्या दिवशी पालेगावच्या बाजूला कुणी अडल्याचं कळलं आणि त्या गाडीशी येऊन उभ्या राहिल्या. डोळे सुजलेले होते.

गाडी पुढे पुष्कळ वर्षं चालली. कुणी वाचलं, कुणी नाही. कुठल्याशा वाडीत एकदा बायका ऐकेनात. डबा बघूनच अडलेल्या बाईने दाराची चौकट धरली. त्या दिवशी चिमी आमच्याबरोबर होती, घरी एकटी बसण्यापेक्षा चल म्हणून सिस्टरबाईंनी ओढून आणली होती. ती उठली, सगळ्यांसमोर डब्यात शिरली, डोकं पुढे करून आडवी झाली आणि पडल्या पडल्या म्हणाली, की मी ह्यातून गेलेय. मला काय झालं ते बघा. माझ्या घरच्यांनी रातभर वाट बघितली. तुम्ही बघू नका. एवढं बोलून ती बाहेर आली नि त्या बाईचा हात धरून तिला आत बसवलं. त्यानंतर चिमीला कुणी बोलवावं लागलं नाही. वाड्यांतून निरोप पहिल्या कळेलाच येऊ लागले, ते सिस्टरबाईंमुळे नव्हे, हिच्यामुळे. सिस्टरबाईंचं आणि तिचं मात्र 'कशाला आनलास' ह्यावर पुन्हा बोलणं झालं नाही. एका चुलीवर जेवायच्या, एका दोरीवर लुगडी वाळत घालायच्या, आणि ती एक गोष्ट दोघींच्या मध्ये तशीच पडून होती.

सिस्टरबाईंना कावीळ झाली ती अंगातच भिनली. पन्नाशीच्याही नव्हत्या. शेवटच्या आठवड्यात मी रोज जात होतो. एका दुपारी त्या शुद्धीवर होत्या. चिमी उशाशी बसून चमच्याने पाणी पाजत होती. मी कोपऱ्यात स्टुलावर. सिस्टरबाईंनी तिचा हात अडवला आणि विचारलं, "चिमे, तुला आणलं ते चुकलं का गं माझं?"

 मला वाटलं ही पोर आता नाही नाही म्हणेल, रडेल, कुणीही म्हटलं असतं. चिमी चमच्यातल्या पाण्याकडे बघत राहिली.

"चुकलाच, बाय," ती म्हणाली. "लय दिस मला तसाच वाटायचा. तवाच मरले असते त बरा." तिने चमचा त्यांच्या ओठाशी नेला. "पन मंग तुला आज पानी कोनी पाजला असता?"

 सिस्टरबाईंनी तोंड उघडलं, पाणी घेतलं, आणि म्हणाल्या, "अजून दे."